बोटाआरपार जाणारा उजेड

दाढेत खड्डा पडला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो कोरून साफ केला, चिमूटभर पांढरट लगदा आत दाबला, डोळ्यांपुढे नारिंगी ढाल धरली आणि निळा दिवा लावला. दिवा वाजला, मला वाटलं संपलं. पण त्यांनी पुन्हा चिमूटभर लगदा घेतला, पुन्हा दिवा. असं चार वेळा. जबडा अवघडून गेला होता, म्हणून मध्ये उसंत मिळताच विचारलं, "मॅडम, सगळं एकदम भरून एकदाच दिवा लावला तर नाही का चालणार?"

"वर दगड होईल आणि खाली पीठच राहील," त्या म्हणाल्या. "हा उजेड दोन मिलिमीटरच्या पुढे नीट पोचत नाही."

त्याच रात्री वीज गेली. मोबाइलचा टॉर्च लावून तळव्याखाली धरला आणि लहानपणी कंदिलावर हात धरून बघायचो तेच पुन्हा दिसलं: बोटं लालबुंद पेटलेली. टॉर्चचा उजेड पांढरा, म्हणजे त्यात निळाही आहे, हिरवाही आहे. ते सगळे बोटातच अडकले आणि लाल तेवढा पलीकडे आला. मग मनात आलं, दोन मिलिमीटरच्या लगद्यात दमणारा निळा उजेड कशाला वापरायचा? बोटभर मांसातून आरपार जाणारा लाल, किंवा त्याच्याही पलीकडचा उजेड वापरला तर थर भरायची कटकटच उरणार नाही.

हा प्रश्न माझ्या आधी बऱ्याच रसायनतज्ज्ञांना पडला आहे. उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

लगद्याचा दगड कसा होतो

दाढेतल्या लगद्यात काचेची बारीक पूड असते आणि ती धरून ठेवणारा चिकट द्रव असतो. हा द्रव सुट्या सुट्या लहान रेणूंचा बनलेला. अशा एकेका रेणूला एकवारिक म्हणतात. हे हजारो एकवारिक एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रवाचा घट्ट पदार्थ होतो. या जोडणीला शाळेच्या पुस्तकात बहुवारिकीकरण असा जडजंबाल शब्द आहे. आपण साखळी म्हणू.

लहान मुलांचा साखळीचा खेळ आठवा. ज्याच्यावर राज्य असतं तो एकाला पकडतो, पकडलेला त्याचा हात धरतो, आणि आता साखळीच्या टोकाला असलेला मोकळा हात पुढच्याला पकडायला बघतो. रेणूंचं नेमकं हेच चालतं. फरक इतकाच, की खेळ सुरू करायला कुणावर तरी राज्य यावं लागतं. रसायनशास्त्रात या 'राज्य आलेल्या' रेणूला मुक्त मूलक म्हणतात. त्याच्याजवळ एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो आणि तो दिसेल त्याला पकडायला टपलेला असतो.

उजेडाचं काम हा पहिला मूलक तयार करणं, एवढंच. पुढची साखळी आपली आपण वाढते.

पण लगद्यातले एकवारिक निळा उजेड शोषतच नाहीत. म्हणून त्यात उजेड पकडणारा एक मदतनीस घालतात, त्याला आरंभक म्हणतात. दातांच्या लगद्यात बहुतेक वेळा असतो तो कॅम्फरक्विनोन, आणि तो आपल्या देव्हाऱ्यातल्या कापराच्या कुळातला आहे. कापराचं ऑक्सिडीकरण करून तो बनवता येतो. रंगाने पिवळा. पिवळा दिसतो याचाच अर्थ तो निळा उजेड गिळतो, सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) गिळलेल्या ऊर्जेने तो चेकाळतो, शेजारच्या अमाइन रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, या झटापटीत मूलक तयार होतो आणि खेळ सुरू.

हवेतला ऑक्सिजन मात्र या खेळातला मोडता घालणारा पोरगा. तो साखळीच्या टोकाला चिकटून बसतो आणि पुढे सरकू देत नाही. फिलिंग झाल्यावर वरचा पातळ थर किंचित चिकट राहतो तो याच्यामुळे.

वजनाच्या यंत्रातलं नाणं

आता निळ्याऐवजी लाल का नाही? रेल्वे स्टेशनावरचं ते वजनाचं यंत्र आठवतं का, रंगीत दिव्यांचं, गरागरा फिरणाऱ्या चकतीचं? त्यात रुपयाचं नाणं टाकलं की तिकीट बाहेर येई. रुपयाऐवजी आठ आण्याची दोन नाणी एकामागून एक टाकली, तर दोन्ही खणखण करत खाली परत. खिशात आठ आण्यांची थैलीभर चिल्लर असली तरी तिकीट नाही ते नाहीच.

उजेडाचा हिशोबही असाच रोखीचा आहे. उजेड सुट्या कणांनी येतो, त्यांना फोटॉन म्हणतात. एका फोटॉनमध्ये किती ऊर्जा, हे तरंगलांबीवर ठरतं: लांबी जितकी जास्त, तितकी ऊर्जा कमी. हिशोब सोपा आहे. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये ऊर्जा मिळते. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनकडे ३.४, ४७० च्या निळ्याकडे २.६, आणि ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनकडे जेमतेम १.३.

अवरक्त म्हणजे लालाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड. त्यातला लालाला लागून असलेला पट्टा, साधारण ७०० ते १४०० नॅनोमीटरचा, त्याला निकट-अवरक्त म्हणू. टीव्हीचा रिमोट हाच उजेड फेकतो. रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबलं, तर पुष्कळ फोनांवर तिथे जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो.

कापराच्या त्या नातेवाइकाला २.६ चं नाणं हवं. १.३ ची कितीही ओतली तरी तो ढिम्म.

आत कोण शिरतं

आणि नेमकी ही आठ-आण्यांची नाणीच आत शिरतात. याला दोन कारणं. पहिलं, उजेडाचं विखुरणं. फार बारीक कणांवरून उजेड विखुरतो तेव्हा तरंगलांबी दुप्पट झाली तर विखुरणं सोळा पटींनी घटतं. आकाश निळं दिसतं त्यामागे हेच गणित आहे. शरीरात, किंवा काचपूड घातलेल्या लगद्यात, कण इतके बारीक नसतात, त्यामुळे फरक सोळा पट राहत नाही. पण कल तोच.

दुसरं कारण शोषण. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड अधाशासारखा गिळतं, त्वचेतलं मेलॅनिनही त्याला हात देतं. बरंच पुढे अवरक्तात गेलं की पाणी गिळायला लागतं. या दोहोंच्या मध्ये, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या दरम्यान, शरीरात एक खिडकी उघडी आहे. कोविडच्या काळात घराघरात आलेला ऑक्सिमीटर याच खिडकीतून डोकावतो. त्याच्या चिमट्यात दोन दिवे असतात, एक सुमारे ६६० चा लाल आणि दुसरा सुमारे ९४० चा अवरक्त. दोन्ही बोटातून पलीकडे जातात, म्हणून तर आकडा दिसतो.

म्हणजे अडचण अशी, की ज्याच्याकडे दाम आहे त्याला दारातून आत घेत नाहीत, आणि जो आत पोचतो त्याच्या खिशात दाम नाही. या कोंडीतून वाट काढायचे तीन मार्ग माणसांनी शोधले.

दोन नाणी, एकाच क्षणी

वजनाच्या यंत्राच्या फटीत आठ आण्याची दोन नाणी अगदी एकाच क्षणी शिरली तर? रेणूच्या बाबतीत हे शक्य आहे, असं १९३१ साली एका तरुण मुलीने कागदावर सिद्ध केलं. मारिया गोपर्ट-मायर हे तिचं नाव, गटिंगेन विद्यापीठातला तिचा तो पीएचडीचा विषय. एकाच वेळी आलेले दोन फोटॉन रेणू एका घासात गिळू शकतो, असं तिचं गणित सांगत होतं. पण त्यासाठी उजेड इतका दाट हवा, की त्या काळच्या कुठल्याही दिव्याच्या आवाक्यात ते नव्हतं. पहिला लेझर पेटला १९६० साली, आणि १९६१ मध्ये प्रयोगाने तिचं म्हणणं खरं ठरवलं. या बाईंना नोबेल मिळालं १९६३ साली, तेही अणुगर्भावरच्या वेगळ्याच कामासाठी. त्याआधीची कितीतरी वर्षं त्या अमेरिकेतल्या विद्यापीठांत बिनपगारी काम करत होत्या. हे विषयाला सोडून आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

उजेड दाट कसा करायचा? अवकाशात भिंगाने आणि काळात स्पंदांनी. या कामाच्या नेहमीच्या लेझरमध्ये उजेड सलग येत नाही. सेकंदाला सुमारे आठ कोटी स्पंद, आणि प्रत्येक स्पंद शंभरेक फेमटोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा. गुणाकार करून बघा: पूर्ण एका सेकंदात हा लेझर प्रत्यक्ष पेटलेला असतो जेमतेम ८ मायक्रोसेकंद. सेकंदभराचा सगळा उजेड एवढ्याशा फटीत कोंबलेला. मग दोन फोटॉन एकाच रेणूवर एकदम आदळण्याची शक्यता वाढते.

यात एक अनपेक्षित लाभ आहे. दोन फोटॉन एकदम येण्याची शक्यता उजेडाच्या तीव्रतेच्या वर्गाने बदलते. तीव्रता निम्मी झाली की शक्यता एक-चतुर्थांश. त्यामुळे भिंगाने जिथे उजेड एकवटतो त्या टिंबातच साखळी सुरू होते, वर-खाली काहीच नाही. द्रवाच्या पोटात, पृष्ठभागाला न शिवता, टिंबाटिंबाने हवा तो आकार कोरता येतो. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात सातोशी कावाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने २००१ साली असा एक बैल घडवला: लांबी १० मायक्रोमीटर, उंची ७, म्हणजे रक्तातल्या एका तांबड्या पेशीएवढा. केसाच्या जाडीत असे सात-आठ बैल एकामागे एक उभे राहतील. शिंगं, शेपूट सगळं जागच्या जागी. आपल्या पोळ्याला पूजायचा झाला तर आधी सूक्ष्मदर्शकाची पूजा करावी लागेल.

पण टिंबाटिंबाने काम म्हणजे वेळखाऊ, आणि लेझर महागडा. दाढ भरायला हा उपाय नव्हे.

भिशी

दुसरा मार्ग जास्त घरगुती आहे. नाणी एकाच क्षणी यायला नकोत. आली तशी साठवू आणि रक्कम पुरेशी झाली की एकदम देऊ. म्हणजे भिशीच.

ही भिशी चालवतात दुर्मिळ मृदा धातूंचे अणू. यिटर्बियम हा वर्गणीदार. तो ९८० नॅनोमीटरचा फोटॉन आवडीने गिळतो आणि ती ऊर्जा शेजाऱ्याला देतो. शेजारी थुलियम. त्याच्या अंगात ऊर्जेच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर तो थोडा वेळ थांबू शकतो. रेणूंना अशा मधल्या पायऱ्यांवर फार थांबता येत नाही, पण या अणूंना येतं, आणि भिशीचा सगळा डोलारा त्या थांबण्यावर उभा आहे. पहिली वर्गणी आली, थुलियम एक पायरी चढला. दुसरी आली, आणखी वर. तीन वर्गण्या झाल्या की सुमारे ४७५ नॅनोमीटरचा निळा फोटॉन बाहेर. चार झाल्या तर ३६० च्या आसपासचा अतिनील. तिघांनी मिळून ३.८ दिले आणि हातात पडले २.६. उरलेले उष्णता म्हणून गेले, भिशी चालवणाऱ्याचं कमिशन समजा. एका धातूने ऊर्जा पकडून दुसऱ्याला देण्याची ही रीत फ्रान्सचे फ्रान्स्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये दाखवली.

आता हे अणू एखाद्या फ्लोराइडच्या स्फटिकात बसवून त्याचे नॅनोमीटरच्या मापाचे कण करा आणि ते लगद्यात कालवा. बाहेरून अवरक्त सोडा. तो आतपर्यंत शिरतो, प्रत्येक कण जागच्या जागी निळा किंवा अतिनील उजेड देतो, आणि शेजारचा नेहमीचा आरंभक तो पकडून साखळी सुरू करतो. जणू लगद्यात डॉक्टरीणबाईंचे लाखो निळे दिवे पेरले.

खोट कुठे आहे? भिशी बुडते फार. एवढ्या बारीक कणांकडून परतावा बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणून लेझर जोराचा लागतो. वर, ९८० हा आकडा पाण्याला आवडणारा, त्यामुळे ओलं मांस तापतं. यावर उपाय म्हणून वर्गणीदारांत नीओडिमियम आणला. तो ८०८ चा फोटॉन गिळतो, आणि त्या ठिकाणी पाणी कितीतरी कमी शोषतं.

यंत्रच बदलू

तिसरा विचार सगळ्यात रोखठोक: आठ आण्यांत चालणारं यंत्रच का आणू नये? निकट-अवरक्त गिळणारी रंगद्रव्यं आहेत. सायानिन कुळातले लांबलचक रेणू ८०० नॅनोमीटरच्या आसपास छान शोषतात. त्यांच्यातलंच इंडोसायानिन ग्रीन डॉक्टर मंडळी कित्येक दशकं शिरेतून देत आली आहेत.

पण दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये बंध तोडायचा, तर तो बंधही तितकाच कच्चा हवा. इतके कच्चे बंध असतात पेरॉक्साइडांत, उदाहरणार्थ मुरमांच्या मलमातल्या बेंझॉइल पेरॉक्साइडमध्ये, आणि तो सत्तर-ऐंशी अंशांच्या उष्णतेनेही तुटतो. कवळीचं अॅक्रिलिक असंच गरम पाण्यात पक्कं करतात. म्हणजे स्वस्त यंत्राची गोम ही, की ते उन्हाळ्यात कपाटात ठेवल्या ठेवल्या आपोआप सुरू होण्याची भीती.

म्हणून रसायनतज्ज्ञांनी सरळ तोडण्याचा नाद सोडला. रंगद्रव्य उजेड गिळून चेकाळतं आणि आपला एक इलेक्ट्रॉन शेजारच्या आयोडोनियम क्षाराला देतं. तो क्षार पाडाला आलेल्या आंब्यासारखा. एक इलेक्ट्रॉन मिळाला, की देठ सुटतो आणि मूलक हाती येतो. शिवाय रंगद्रव्याने गिळलेल्यापैकी बरीच ऊर्जा उष्णता होते, आणि ती या कामाला मदतच करते. कधी मुद्दाम उष्णतेवरच भर देतात: रंगद्रव्य शेगडीसारखं तापतं आणि जवळचा पेरॉक्साइड फुटतो.

ही वाट प्रयोगशाळेबाहेर केव्हाच पोचली आहे. छापखान्यातल्या सीटीपी यंत्राला विचारा. संगणकावरून थेट प्लेट करणाऱ्या कितीतरी यंत्रांत ८३० नॅनोमीटरचा लेझर असतो, आणि काही प्लेटांवर सायानिन रंग नि आयोडोनियम क्षाराचा थर असतो. लेझर जिथे पडतो तिथे तो थर घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. अवरक्त उजेडाने साखळी जोडण्याचा हा खटाटोप आपण सकाळच्या चहाबरोबर वाचलेलाही असेल.

याच मार्गावरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. डबक्याच्या तळच्या गढूळ पाण्यात जांभळे जिवाणू असतात. वरचा चांगला उजेड पाणवनस्पती आणि शेवाळ गिळून टाकतात, खाली उरतो तो अवरक्त. हे जिवाणू त्या उष्ट्या उजेडावर जगतात, आणि तो पकडायला त्यांच्याजवळ बॅक्टेरिओक्लोरोफिल नावाचा हरितद्रव्याचा भाऊ असतो. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात सिरिल बोयर यांच्या गटाने हेच द्रव्य वापरून ७८० आणि ८५० नॅनोमीटरच्या उजेडात साखळ्या जोडून दाखवल्या.

कातडीखालचा कान

हे सगळं कशासाठी, याचं एक उत्तर २०२० साली चीनच्या सिचुआन विद्यापीठातून आलं. तिथल्या संशोधकांनी जिवंत कूर्चापेशी आणि भिशीवाले नॅनोकण मिसळलेलं द्रव उंदराच्या कातडीखाली टोचलं. मग बाहेरून ९८० नॅनोमीटरच्या उजेडाने कानाच्या आकाराचं चित्र त्या जागेवर पाडलं. कातडीला चीर नाही, टाका नाही. आतलं द्रव उजेड पडला तेवढंच घट्ट झालं आणि कातडीखाली कानाच्या आकाराचा साचा तयार झाला. त्याच वर्षी इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी दोन-फोटॉनच्या वाटेने उंदरांच्या त्वचेत, स्नायूत आणि मेंदूत असेच मऊ आकार बांधून दाखवले.

उंदराची कातडी पातळ असते, हे विसरून चालणार नाही. माणसाच्या गुडघ्यातली झिजलेली कूर्चा बाहेरून उजेड टाकून भरून काढायची, तर मध्ये त्वचा, चरबी, अस्तर असं बरंच काही येतं, आणि खिडकी उघडी असली तरी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमागे उजेड झपाट्याने मंदावतो. वर्तमानपत्रांनी अशा बातम्यांना 'आता शस्त्रक्रियेची गरज नाही' असे मथळे देऊ नयेत.

*चौकट: तीन वाटा, थोडक्यात*

*दोन फोटॉन एकदम: सूक्ष्म आकारांसाठी अप्रतिम, महाग आणि संथ.*
*भिशी (धातूंचे नॅनोकण): खोलवर निळा उजेड पोचवते, परतावा अगदी कमी, उष्णता जास्त.*
*रंगद्रव्य आणि क्षार: स्वस्त, छापखान्यात रुळलेली, गरमीही सोबत येते, आणि काही रंगद्रव्यांची झाक मागे राहते.*

मग दवाखान्यात निळा दिवाच का?

कारण दाढेच्या बाबतीत निळ्याने फारसं अडत नाही. खड्डा असतो पाच-सहा मिलिमीटरचा, तीन-चार थरांत काम होतं. आता एका वेळी चार मिलिमीटर भरता येतील असे लगदेही मिळतात. त्यांत अवरक्त वगैरे काही नाही, लगदा जास्त पारदर्शक केला किंवा आरंभक बदलला, इतकंच. हिरवट रंगद्रव्य घातलेलं फिलिंग पुढच्या दाताला कोण लावून घेईल? आणि दाताच्या गाभ्यातली नस उष्णतेला नाजूक. माझ्या मते दाढेला अवरक्त दिवा लवकर येणार नाही, आणि यायची घाईही नाही. त्याचं खरं काम आहे ते जाड, रंगीत, अपारदर्शक थरांत आणि कातडीच्या आत.

जाता जाता एक सांगायलाच हवं. ८०८ आणि ९८० नॅनोमीटरचे लेझर ऑनलाइन स्वस्तात मिळतात, आणि हौशी मुलं ते मागवतात. निळा दिवा डोळ्यांवर आला तर आपण लगेच डोळे मिटतो. अवरक्त दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. जो उजेड बोटातून आरपार जातो तो डोळ्याच्या भिंगातून थेट पडद्यावर एकवटतो, आणि तिथे झालेली भाजणी भरून येत नाही. म्हणून त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा घातल्याशिवाय असा लेझर सुरू करू नका, आणि घरात लहान मूल असेल तर तो आणूच नका.